गास्पारकाकांचा तळ्याकाठचा रस्ता

शेगडीतल्या कोळशांनी नुकतीच धग धरली होती. मी ज्वारीची पेज ढवळत होते आणि केझा एका पायात चप्पल घालून अंगणात शेळीमागे पळत होती. सुगीचा सण, त्यामुळे शाळा बंद, कचेऱ्या बंद, आणि तिचे बाबा अजून अंथरुणात. तेवढ्यात फाटकाचा पत्रा वाजला.

एवढ्या सकाळी आमच्याकडे येते ती दूधवाली, आणि ती पत्रा वाजवत नाही, हाका मारते. मी पळी तशीच हातात घेऊन फाटक उघडलं. बाहेर गास्पारकाका. अंगात लग्नाकार्याला घालायचा कोट, डोक्यावर हॅट, बुटांना पॉलिश. काठीच्या जागी सायकल.

"काका! खालपासून चालत आलात?"

"चालत कुठला? हिला धरून आलो. इतकी वर्षं मी हिला ओढली, आज तिने मला ओढलं. फिटंफाट."

दोन वर्षांपूर्वी काकांचं खुब्याचं हाड मोडलं. त्याआधी सायकलवर उतारू न्यायचा त्यांचा धंदा. आमच्या टेकडीवरचं अर्धं गाव त्यांच्या कॅरिअरवर बसून कुठे ना कुठे गेलेलं होतं. नवऱ्या, म्हाताऱ्या, बटाट्याची पोती, एकदा तर चर्चची घंटा. हाड जुळलं, पण सायकलवर टांग टाकता येईना.

मी त्यांना ओट्यावर बसवलं, पेज दिली. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली पण तोंडाला लावली नाही.

"केझाच्या आई, आज स्पेसिओझकडे सण आहे. मला नेऊन सोडशील?"

स्पेसिओझ म्हणजे त्यांची धाकटी बहीण, पलीकडच्या तळ्यावर राहते. नव्या ज्वारीची भाकर होते तेव्हा घरातल्या सगळ्यात थोरल्याने पहिला घास घ्यायचा. तो घेईपर्यंत पोरंबाळंसुद्धा ताटाला हात लावत नाहीत. त्यांच्या घरात आता काकाच थोरले. खुबा मोडल्यापासून स्पेसिओझआत्या केळीच्या पानात भाकर गुंडाळून कुणाबरोबर तरी पाठवायची. काकांनी घास घेतला की आणणारा फोनवर सांगायचा, "चाखली हो!" मग तिकडे जेवणं.

"फोनवर सण करतोय मी," काका म्हणाले. "घास इकडे, पंगत तिकडे. यंदा मला तिथे बसून चाखायचीय. सगळ्यांची तोंडं बघत."

"आणि आल्बेर्तची मोटारसायकल?" आल्बेर्त त्यांचा मुलगा.

"तिच्यावर पाय फाकवून बसावं लागतं, आडवा बसलो तर त्या दगडांवर उडून पडेन. डॉक्टरांनी बजावलंय, ते नाही. सायकलवर आडवा बसेन, बायका बसतात तसा. हसतील ते हसू देत. माझी बायको असती तर सगळ्यात आधी तीच हसली असती."

आतून केझाच्या बाबांचा आवाज आला, "काका, गाडी मागवू का?"

"मागव की. डांबर संपलं की गाडी परत जाईल, मग पुढे काय तू पाठुंगळी घेणार?"

मी पेजेचं भांडं केझाच्या बाबांच्या ताब्यात दिलं, लुगडं घट्ट खोचलं आणि सायकलच्या चाकांत हवा भरली.

काकांना नाही म्हणणं माझ्याच्याने कधी होणारच नव्हतं. केझा जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. दर आठवड्याला शहरातल्या इस्पितळात प्लास्टर बदलायचं, आणि हे तेव्हा नोकरीला दूर. काका आम्हाला न्यायचे, आणायचे. आमच्याकडची रीत अशी की चढ आला की उतारूने खाली उतरायचं आणि सायकलवाल्याबरोबर सायकल वर ढकलायची. सपाट रस्ता आमच्या नशिबी कितीसा! त्यामुळे निम्मी वाट दोघंही पायीच असतात, आणि सगळ्या गप्पा चढावरच होतात. उतारावर कोण बोलणार, तिथे जीव मुठीत. फक्त आजाऱ्याला उतरवत नाहीत. त्याला बसवूनच वर न्यायचं आणि वाटेत जो भेटेल त्याने हातातलं काम टाकून हात लावायचा. काय झालं, कुणाला झालं, विचारत बसायचं नाही.

पहिल्या चढाला मी पाठीवरच्या बाळासकट उतरायला लागले तर काका ओरडले, "बस खाली! ती आजारी, तू तिची खाट. खाट कधी उतरून चालते का?"

प्लास्टर सुटलं तेव्हा त्यांनीच मला सायकल शिकवली. "मी एखाद्या दिवशी नसलो तर काय करशील?" म्हणाले. त्या दिवसांत बाईने सायकल चालवली की बाजारात महिनाभर तोच विषय. म्हणून पहाटे तळ्याकाठच्या रस्त्यावर. मोटारी तिकडे जात नाहीत, काळे दगड वर आलेले असतात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतारावरची शेतं, समोर ढगात डोकं घातलेला मुहाबुरा डोंगर. "इथे बघायला फक्त बगळे," काका म्हणायचे, "आणि बगळे चहाड्या करत नाहीत." कॅरिअर धरून मागून धावायचे. "पुढे बघ, पुढे! चाकाकडे काय बघतेस, ते कुठे पळून जात नाही!"

आज त्याच रस्त्याला लागलो. तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. काका मागे आडवे बसले होते, एका हाताने माझ्या सीटची स्प्रिंग धरून, दुसऱ्याने हॅट.

"डावीकडे घे. तिथे एक दगड आहे."

"तुम्हाला अजून आठवतो?"

"मला कशाला, त्यालाच मी आठवत असेन. माझे किती टायर खाल्लेत त्याने!"

त्यांना इतकं खुशीत मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. बगळा दिसला की हॅट उचलून रामराम करत होते.

पहिला चढ आला. मी उतरले. काका सरकायला लागले.

"हलायचं नाही, काका."

"अगं, मी चालतो हळूहळू."

"तुम्ही मला कधी उतरवलंत? बसा गुपचूप."

ते पुन्हा सावरून बसले. मला वाटलं, पटलं. मी खांदा लावून ढकलायला लागले, आणि इतक्या वर्षांनी आपल्याला हे करायला मिळतंय म्हणून मला आतून भरून येत होतं.

वळणावर ओळखीतली व्हेस्टिन भेटली, डोक्यावर बटाट्याची टोपली. काकांना बसलेलं आणि मला ढकलताना पाहिलं मात्र, तिने टोपली खाली ठेवली आणि न बोलता कॅरिअरला हात लावला. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "कधीपासून आहे?"

"काय?"

"दुखणं."

"दुखणं नाही ग. सणाला चाललोत आम्ही, स्पेसिओझआत्याकडे."

"हो, हो." तिने मला डोळ्याने खुणावलं. आजाऱ्यासमोर आम्हीही असंच बोलतो.

मी पुन्हा सांगणार तर शेतातून आणखी दोघी आल्या, पाठोपाठ एक म्हातारा. खोरी-कुदळी बांधावर पडल्या. सायकल आता माझ्या हाताशिवायच वर चालली होती.

"माझ्या सासूला यांनीच नेलं होतं भर पावसात," एक म्हणाली.

"माझं लग्नाचं सामान. आरसासुद्धा तडकला नाही."

"फार मायाळू माणूस होता," म्हातारा म्हणाला.

"अरे, अजून आहे मी!" काका ओरडले.

"आहात काका, आहात. बोलू नका, दम लागेल." व्हेस्टिनने त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. दुसरीने हलक्या आवाजात प्रार्थना सुरू केली.

मला हसू आवरेना. हे सगळं ऐकायला मिळालं हे किती चांगलं झालं, असंच वाटत होतं. मी मागे वळून काकांकडे पाहिलं. त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची कड चोळत होते. माझं हसू तिथेच थांबलं.

माथ्यावर सगळ्यांनी हात पुसले, काकांच्या खांद्याला हात लावला आणि आपापल्या कामाला गेले. तेवढ्यात माझा फोन वाजला. स्पेसिओझआत्या, रडत.

"कसा आहे ग दादा? मला फोन आला, त्याला बसवून नेतायत म्हणून. पोरांना वेताची डोली काढायला सांगितलीय. तुम्ही थांबा तिथेच, ते येतील खांदे द्यायला."

"आत्या, काही झालेलं नाही. ते जेवायला येतायत."

"मला फसवू नकोस. त्याला दे."

काकांनी फोन कानाला लावला. "स्पेसिओझ, डोली माळ्यावर टाक परत."

तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दादा, तुझा आवाज किती खोल गेलाय! भाकर झाकून ठेवलीय मी. आधी दवाखाना, सण पुढच्या वर्षी. तुला असं घेऊन आले तर कुणाच्या घशाखाली उतरणार का घास?"

काकांनी फोन माझ्याकडे दिला. मीही दोनचारदा सांगून पाहिलं, पण रडणाऱ्या माणसाला फोनवर काय पटणार! शेवटी ती एवढंच म्हणाली, "या तर खरं. अंगणातून रस्ता दिसतोच मला. बघते मी कसा आणताय ते."

पुढे उतार होता. पूर्वी सायकल चालवताना उतारावर काका गाणं म्हणत. आज चाकाखाली खडी करकरत होती तेवढंच. दोन तळ्यांच्या मधल्या सोंडेवर आलो, एकीकडचं पाणी हिरवं, दुसरीकडचं करडं. समोर शेवटचा चढ. वर निलगिरीच्या रांगेपलीकडे स्पेसिओझआत्याचं छप्पर, आणि अंगणाच्या कडेला माणसं उभी होती. कुणीतरी कपाळावर हात धरून खाली बघत होतं.

मी थांबले, उतरले, सवयीने कॅरिअरला हात लावला. काकांनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला.

"तू हे मायेने केलंस," ते म्हणाले. "मला कळतं. केझा आज शेळीमागे धावत होती, ते बघितलं मी तुझ्या अंगणात. त्यात माझा थोडासा हात लागला, म्हणून मला बरं वाटतं. त्याची परतफेड करायची नसते ग."

"मग काका, मी काय करू?"

त्यांनी हॅट डोक्यावर चढवली, कोट खाली ओढला आणि वर अंगणाकडे पाहिलं.

"वेळ लागेल, तर लागू दे. या चढावर मला उतरू दे."