माठाला हात लावायचा नाही

ज्या कामाचं नाव जेवताना काढता येत नाही, त्याचे किस्से जेवण झालं की संपतच नाहीत. माझा दादा बमरोलीच्या एका लॅबमध्ये लोकांचा संडास तपासायचा. जंत, अमीबा, सगळं शोधायचा. गेल्या महिन्यात पलसाण्याच्या हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. तेव्हापासून घरी बसायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक तरी किस्सा सांगतो. मग मीही सांगतो. गप्प बसलो की तो ट्रक शोधायला उठावंसं वाटतं.

आमची आई धुळ्याकडची. दादा कामावरून आला की आंघोळ केल्याशिवाय ती त्याला पाण्याच्या माठाला हात लावू द्यायची नाही. दादा म्हणायचा, एक दिवस तूच मला तसाच माठापाशी नेशील बघ.

आई म्हणायची, "मी मरी जासू, तव्हय."

*

शहरात प्लेगची साथ येऊन गेली, त्यानंतर लॅबला गर्दी वाढली. साधी शिंक आली तरी लोक तपासायला यायचे. एका गुजराती शेठाणीला दादाने बजावलं होतं, नमुना ताजा आणा, अमीबा हलताना दिसला तरच ओळखता येतो. बाईंनी सकाळचा नमुना दुपारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवला, दुधाच्या पातेल्याशेजारी. देताना म्हणाल्या, जराही बिघडू दिला नाही.

दादा म्हणाला, "बेन, ए तो ठंडीमां मरी गयो."

बाई घाबरल्या. "कोण?"

*

मी कापडाच्या लूमवरून सुटलो की थेट लॅबमध्ये जायचो. एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ओरडलो, केवढा मोठा जंत! बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. दादाने आत बघितलं, मग माझ्या शर्टाकडे बघितलं.

"हा जंत पॉलिस्टरचा आहे. तुझ्याच बाहीतून पडलाय."

तेव्हापासून मला दारातच शर्ट झटकावा लागायचा.

*

एकदा लॅबमधलं मीठ संपलं. तिथे मिठाचं पाणी इतकं दाट करतात, की आणखी मीठ विरघळत नाही. त्यात नमुना कालवला की जंतांची अंडी तरंगत वर येतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. दादाने घरच्या बरणीतलं वाटीभर मीठ नेलं. आईला कळलं, तिने बरणीच फेकून दिली. दादा समजावत होता, अगं, मीठ इथून तिथे गेलं, तिथून इथे काहीच आलं नाही!

आई म्हणाली, "बरनीले वाट समजी गयी ना."

*

दहाव्यानंतर लॅबचे डॉक्टर दादाचा पांढरा कोट घेऊन आले. त्याने शेवटचा काढून ठेवलेला, तसाच. बाहीवर आयोडिनचे पिवळे डाग. मावशी म्हणाली, आधी बाहेर ठेव. मी तो घेऊन मोरीकडे निघालो, बादलीत साबणही टाकला.

आई उठली. माझ्या हातातून कोट घेतला, आत गेली आणि माठावरच्या खिळ्याला अडकवला.

मी म्हणालो, "आई, धुवायचा राहिलाय तो."

"ऱ्हाऊ दे. त्यानी आंघोळ व्हयी गयी."