राजम्याचा डाव

आमच्याकडे रविवारी दुपारी पोकर चालतो, आणि तो राजम्यावर चालतो. लाल राजमा म्हणजे एक, काबुली चणा म्हणजे पाच. पैसे कधीच लावले नाहीत, कारण ह्यांना ते पसंत नव्हतं. हे म्हणजे माझे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झाले. शेवटचं पोस्टिंग जयपूरचं होतं, म्हणून इथेच झालान्याच्या जंगलाजवळ फ्लॅट घेतला. पैसे लावले की माणूस पत्ते खेळत नाही, पाकीट खेळतो, असं ते म्हणायचे. मला तेव्हा पत्त्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मी चहा द्यायची आणि सांडलेला राजमा पुटपुटत गोळा करायची.

खेळायला दोघं यायचे. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब, राजपूत, ‘नमस्कार’ म्हणतानासुद्धा कमरेत वाकणारे. आणि समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर, जे आठवडाभर लोकांची तोंडं उघडून बघतात आणि रविवारी स्वतःचं मिटून ठेवतात. ह्यांच्यापुढे दोघांचंही फारसं चालत नसे.

मग ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, तो हळूहळू बराच सावरला. वाचा गेली ती मात्र पूर्ण आली नाही. शब्द परत आले ते सुटे सुटे आणि फक्त मराठीत. जन्मभर जवानांना हिंदीत दरडावलेला माणूस, पण तोंडात उरलं ते पाणी, नको, उकडतंय, बरोबर, चूक. दुसऱ्याचं हिंदी सगळं कळायचं, स्वतःला एक अक्षर बोलता यायचं नाही. त्यामुळे बाहेरच्यांसाठी मी त्यांची दुभाषी झाले. ह्यांनी ‘पुरे’ म्हटलं की मी ‘बस भैया, और नहीं’ म्हणायचं.

त्यातून दिवसही सारखे जात नसत. आज वर्तमानपत्रातली बातमी बोट ठेवून दाखवतील, उद्या वर्तमानपत्रालाच चप्पल म्हणतील. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, ती मला सांगायची, “आंटीजी, आज को कल से मत तौलिए.” मनात म्हटलं, बाई, कालची आजशी तुलना करायची नाही तर बायकोनं दिवसभर करायचं काय? पण पोरगी गोड होती, म्हणून तिच्यापुढे चहा ठेवला.

वकीलसाहेब आणि डॉक्टर पहिल्यासारखेच येत राहिले, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. चांगल्या रविवारी हे जुन्यासारखे खेळायचे. वाईट रविवारी मात्र पोकरच्या टेबलावर बसून मेंढीकोट खेळायचे. तो आमच्याकडचा, लहानपणचा खेळ. त्यात दश्शी जिंकायची असते, म्हणून मध्ये कुठे दश्शी दिसली की डावा हात पुढे करून ते ती सरळ आपल्याकडे ओढून घ्यायचे. डॉक्टर हळूच ती परत जागेवर ठेवायचे.

एका रविवारी ह्यांच्याकडे पंजीची जोडी होती. ह्यांनी राजमा पुढे सरकवला, वकीलसाहेबांनी सुस्कारा टाकून डाव सोडला आणि पानं पालथी टाकायला गेले, ती उताणी पडली. दोन राण्या. तिसरी मध्ये, सगळ्यांच्या सामाईक पानांत, उघडी होतीच. तीन राण्या हातात असताना त्यांनी पंजीच्या जोडीपुढे हार मानली होती. ह्यांनी त्या राण्यांकडे पाहिलं, मग वकीलसाहेबांकडे. जिंकलेला राजमा डाव्या हातानं टेबलाच्या मध्यावर परत लोटला आणि काठी टेकत गॅलरीत जाऊन बसले.

पुढच्या रविवारी ते टेबलाशी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वकीलसाहेब गॅलरीत जाऊन हात जोडून आले, त्यांना फक्त “नको” मिळालं. मला वकीलसाहेबांचा राग आला नाही, त्यांचा जीव होता ह्यांच्यावर. मला भीती वाटली. ज्या माणसाला हरवायलासुद्धा कुणी तयार नाही, तो चारचौघांत बसणार कशाला? गॅलरीतली खुर्ची, समोर झालान्याचं जंगल आणि मी, एवढ्यावर ह्यांचं उरलेलं आयुष्य जाणार असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

म्हणून मी खेळायला बसले. डाव गॅलरीच्या दाराशी मांडला, की ह्यांना आतलं सगळं दिसावं.

खेळ दिसतो तेवढा अवघड नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी. सातांतून ज्याची पाच सरस, त्याचा डाव. खरी गोम एवढीच की राजमा लावायचा कधी आणि पानं टाकून गप्प बसायचं कधी. मला गप्प बसणं आयुष्यात जमलेलं नाही. मी प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळायची आणि मग पत्त्यांना शिव्या द्यायची. नाचता येईना, अंगण वाकडं. हे गॅलरीतून मान वळवून बघायचे, डोळे मिटून घ्यायचे, पुन्हा बघायचे. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी राजा-राणी हातात घेऊन वाटीभर राजमा घालवला, तेव्हा त्यांना ते सहन झालं नाही. उठले, खुर्ची ओढून माझ्या मागे बसले आणि म्हणाले, “चूक.”

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. सोमवार ते शनिवार दुपारी आम्ही दोघंच खेळायचो. मी फोनवर पोकरचे व्हिडिओ बघायची, न कळलेलं ह्यांच्यापुढे मांडायची. ‘बरोबर’ आणि ‘चूक’ एवढ्या दोन शब्दांत ते मला शिकवत होते. डाव्या हातानं टेबलावर टकटक केली की थांब, तळवा पुढे सरकवला की लाव. मी शिकले. बरंच शिकले. दहातले सहा-सात डाव आता पहिल्या दोन पानांवरच सोडून द्यायचे, वकीलसाहेब कानाची पाळी ओढायला लागले की त्यांच्याकडे काही नसतं, डॉक्टर अचानक बोलायला लागले तर पळ काढायचा.

आणि एवढं शिकून निकाल काय? कधी असा, कधी तसा. एका रविवारी दोन एक्के हातात, सगळं जिथल्या तिथे केलं, आणि शेवटच्या पानावर डॉक्टरांची तिसरी छक्की आली. सगळा राजमा गेला. मी तणतणले, की असल्या खेळाला काही अर्थ आहे का, अभ्यास आम्ही करायचा आणि पास दुसऱ्यानं व्हायचं! मागून आवाज आला, “बरोबर.” मला वाटलं माझ्या तणतणण्याला दुजोरा आहे. पण ते माझ्या दोन एक्क्यांवर बोट आपटत होते. मी खेळले ते बरोबर होतं.

दुसऱ्या एका रविवारी मी दुर्री आणि सत्ती घेऊन उगीच हट्टानं टिकून राहिले आणि मध्ये दोन सत्त्या आल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मी राजमा दोन्ही हातांनी कवटाळत मागे वळून पाहिलं, तर ह्यांचा चेहरा भलत्याच दिशेला गोळी झाडून नेम लागलेल्या जवानाकडे बघावं तसा. “चूक,” ते म्हणाले, आणि संध्याकाळी पुन्हा म्हणाले, मी विसरले असेन म्हणून. जिंकल्याचा आनंद माणसाला साजरा करू देत नाहीत म्हणजे काय! पण ते डोक्यात बसलं. राजमा किती उरला ते बघायचं नाही, खेळलो कसे ते बघायचं. त्यानंतर हरल्यावर माझी झोप उडेनाशी झाली.

मागे बसून बसून ह्यांना राहवेना. एक दिवस स्वतःच खुर्ची टेबलाला लावली आणि हात पुढे केला, पानं वाटा म्हणून. मी आधीच वकीलसाहेबांना जिन्यात गाठून बजावलं होतं, “भाईसाहब, इनको छोड़ना नहीं. छोड़ा तो मैं चाय बंद कर दूँगी.” त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. पण दयाळू माणसाच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता.

आणि मग शीतळाअष्टमीच्या जवळचा तो रविवार. वकीलसाहेबांच्या घरची मंडळी चाकसूच्या जत्रेला जाऊन आली होती. अष्टमीला त्यांच्याकडे चूल पेटवत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड जेवण, ताकातली राबडी आणि तळलेले गोड पुए, आमच्याकडेही आलं होतं. ह्यांचा दिवस सकाळपासून वाईट होता. सदरा उलटा घातला, आणि पुआ हातात धरून त्याचं नाव आठवत बसले. मी मनाशी ठरवून टाकलं, आज मेंढीकोट.

शेवटच्या डावात माझ्या हातात राजा आणि नव्वी होती. मध्ये राजा उघडला, नव्वीही उघडली. म्हणजे माझ्या दोन जोड्या झाल्या, घसघशीत पानं. पाचवं पान इस्पिकचं आलं, त्याआधीचीही दोन इस्पिक होती. डॉक्टर केव्हाच गळाले होते. ह्यांनी आपला सगळा राजमा, चण्यांसकट, डाव्या हातानं मध्ये लोटला आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “हुकूम!”

आपल्या मराठी पत्त्यांत हुकूम म्हणजे ज्या रंगानं बाकीचे सगळे रंग कापले जातात तो. मेंढीकोटात तो बोलायचा असतो. पोकरमध्ये हुकूम नसतोच. गेले हे पुन्हा साताऱ्याच्या ओट्यावर, मला वाटलं. तेवढ्यात वकीलसाहेबांनी पानं खाली टाकली. “नहीं हुकुम, हम तो चले,” ते म्हणाले, कारण त्यांच्याकडे ‘साहेब’ म्हणायलाही हुकुमच म्हणतात. पुन्हा दया! माझं डोकं फिरलं. ठरवलं, कुणी ह्यांना हरवणार नसेल तर मी हरवीन. होता नव्हता तो सगळा राजमा मी लावला आणि माझ्या दोन जोड्या उघड्या केल्या.

ह्यांनी आपली दोन पानं एकेक करून मांडली. इस्पिक एक्का. इस्पिक गुलाम. मधली तीन धरून पाच इस्पिक. पाचही पानं एका रंगाची, म्हणजे माझ्या दोन जोड्यांवर मात.

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते बिचारे म्हणाले, “भाभीजी, साहब तो बोल ही रहे थे, हुकुम.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक. ह्यांच्यामागे फौजेत इतकी वर्षं काढली, मला काय ठाऊक नव्हतं? पण ह्यांच्या तोंडून हिंदी येत नाही, हे मी इतकं धरून चालले होते की सगळ्या टेबलाला कळलेला शब्द एकट्या दुभाषीला कळला नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत तोंडाच्या एका बाजूनं हसत होते.

“हिंदी,” ते म्हणाले.

म्हणजे मुद्दाम. मी कशात अडकेन ते ओळखून, समोरासमोर, बिनदिक्कत. नशिबाला बोल लावायलाही जागा ठेवली नव्हती. मी पानं आपटली. “अहो, लाज नाही वाटत? इतके महिने हिंदीचा एक शब्द नाही, आणि बायकोला लुटायला बरा सापडला! लबाड कुठले!” आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. वकीलसाहेब घाबरून उभे राहिले. “जाने दीजिए भाभीजी, बीमार आदमी हैं.”

“काहे के बीमार!” मी ओरडले. “इनको सब समझता है!”

आणि ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आलं. झटका आल्यापासून मी ह्यांच्यावर एकदाही चिडले नव्हते. औषध सांडलं तरी नाही, रात्रभर जागवलं तरी नाही. वकीलसाहेबांनी राण्या टाकल्या होत्या, मी माझा राग टाकून दिला होता. तो परत मिळाल्यावर मला इतका आनंद झाला की तो सोडायची इच्छाच होईना.

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मधून मधून काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे, मी अजून रागावलेली आहे ना एवढं बघायचे, आणि खूश होऊन परत जायचे.