लाखेची तबकडी

भवानी पेठेतल्या तबकडीवाल्या चाचांच्या दुकानात शिरलं की नमस्कार-चमत्कार काही नाही, आधी दोन्ही तळहात पुढं करायचे. चष्मा कपाळावर सरकवून ते बघणार आणि म्हणणार, "शेंगाचटणी खाऊन आलीस की! जा, साबण लावून ये." मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, तरी निमूट मोरीवर जायची. राग यायचा, पण करणार काय! ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या धुऊन त्यांची खरखर घालवणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नव्हता.

धुण्यातही भारी कडक. ब्रश खाचेच्या वळणानंच फिरणार. प्लास्टिकच्या तबकडीला थोडं स्पिरिट चालतं, जुन्या लाखेच्या तबकडीला मात्र साधं पाणीच. स्पिरिटनं लाख विरघळते आणि आवाज कायमचा जातो. त्यांच्याकडे बसून बसून मला हे पाठ झालं होतं. "गाणारा गेला बेटी, आवाज आपल्या हातात हाय," असं ते म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात मी आईची तबकडी घेऊन गेले. लग्नाआधी, सोळाव्या वर्षी तिनं एकच गाणं रेकॉर्ड केलं होतं. लग्न झालं आणि गाणं बंद. आता आई नाही, आणि तबकडीही ही एवढीच उरलेली.

चाचांनी ती दिव्याखाली धरून न्याहाळली. मग कापसाचा बोळा घेतला आणि स्पिरिटची बाटली उघडली.

मला वाटलं, हात पुसत असतील. पण भिजलेला बोळा तबकडीकडे निघाला. चाचांना चूक दाखवायची? भल्याभल्यांना दारातून परत पाठवणाऱ्या माणसाला? आणि गप्प बसले तर आईचा आवाज जाणार. बोळा बोटभर अंतरावर आला, तसं मी त्यांचं मनगटच धरलं. "चाचा, लाखेची आहे ती!" इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा रिक्षावाला डोकावला.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, तबकडीकडे पाहिलं. "मेरेकू प्लास्टिक की लगी," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. ते सांगत गेले, मी साध्या पाण्यानं धुतली. वाळल्यावर सुई टेकवली आणि माझी आई गायला लागली. मी रडले, त्यात लाज कसली! चाचा मात्र ऐकतच नव्हते. बाटलीचं बूच घट्ट लावत बसले होते.

गाणं संपल्यावर म्हणाले, "उद्यापासून दुकान बंद."

"अहो चाचा, चुकतं माणूस एखाद्या वेळी. झालं का काही?"

"तुला म्हाईत होतं म्हणून वाचली," चाचा म्हणाले. "ज्याला म्हाईत न्हाई, तो माझ्या भरवशावर गप्प बसला असता की."