हातमोज्यांची बटणं

अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडे आले ती नातीला सांभाळायला. इथल्या मराठी घरांत तसंच चालतं, सहा महिने सुनेची आई, सहा महिने मुलाची. माझे सहा महिने संपत आले होते. गावी आता माझं कुणी उरलेलं नाही, म्हणून मुलाला एवढंच म्हणाले होते, की माझी इथं राहायची मुदत वाढवून घे. तो म्हणाला, "बघू."

सून संध्याकाळी जुन्या सिनेमाचा क्लास करते. एका रविवारी तिने घरीच इटलीचा एक मुका सिनेमा लावला, बोलपट निघायच्या जरा आधीचा.

"आई, बसा ना. यात कुणी बोलतच नाही."

"म्हणजे आईसारखाच," मुलगा म्हणाला. दोघं हसली. मीही हसले.

सिनेमातली विधवा मुलाच्या मोठ्या घरात राहते. ती हातमोजे घालत असताना मुलगा काहीतरी सांगायला येतो. पण दिग्दर्शक त्याला दाखवतच नाही. त्याची नुसती सावली तिच्या मांडीवर पडते. मध्ये पडद्यावर संवादाची अक्षरंही येत नाहीत. ती सावकाश एकेक बटण लावते. शेवटचं लावून झालं, तरी बोटं तिथंच फिरत राहतात. तो तिला घराबाहेर काढतोय, हे मला तेवढ्यावरून कळलं.

"यार, ही रडत का नाही?" मुलगा म्हणाला.

"रडली तर त्याला तिची समजूत घालता येईल," मी म्हणाले. "मग त्याला बरं वाटेल. सिनेमा काढणाऱ्याने तेवढंही त्याला मिळू दिलं नाही."

"वा, आई! हे मी क्लासमध्ये सांगते," सून म्हणाली.

मुलाने सिनेमा थांबवला. "सांगायचं राहिलंच. पिल्लूला डेकेअर मिळालं. तुझं तिकीट बुक केलंय, पुढच्या आठवड्याचं."

मी सुनेकडे पाहिलं. ती लॅपटॉपवर माझंच वाक्य टाइप करत होती. तिला आधीच ठाऊक होतं.

"नाहीतरी तू इथं बोअर होतेस ना," मुलगा फोनकडे बघत म्हणाला.

त्या बाईच्या बोटांवरून दिग्दर्शकाने क्षणभरही नजर हलवली नव्हती. माझ्याकडे या खोलीत कुणी बघतही नव्हतं. रडावंसं वाटलं, पण त्याला समजूत घालू द्यायची नव्हती.

"बरं केलंस," मी म्हणाले. "मलाही घरची आठवण येतेच."

ते त्याने लगेच खरं मानलं.