लटारूच्या घरचा चिनी पीळ

लटारू रामटेके फौजेत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. बासष्टच्या लढाईत तो चिन्यांच्या हाती सापडला आणि सात महिन्यांनी परत आला, तेव्हा त्याची सहा बोटं बर्फानं नेली होती. उरले दोन अंगठे आणि दोन बोटं. कैदेत असताना त्यांच्या नव्या वर्षाला एक चिनी आचारी गोड पिठाचे पीळ तळत होता. हात पट्ट्यांत गुंडाळलेला लटारू ते पाहत बसला. तेवढी एक गोष्ट तो शिकून आला. स्वतःच्या हातानं मात्र त्यानं एकही पीळ कधी वळला नव्हता.

वळायची ती वच्छला, त्याची एकुलती मुलगी. आई रुखमा वारली तेव्हापासून, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापासून. मैदा गुळाच्या पाण्यात भिजवायचा, त्याची करंगळीएवढी वळी करायची, एक तळवा पुढे आणि दुसरा मागे असा फिरवायचा, मग दोन्ही टोकं एकत्र धरून उचलायची. जमलं तर वळी आपणहून गुंफली जाते. चुकलं तर तेलात सुटते. सुटली की लटारू तेलातली लोखंडी पळी उचलून तिच्या हातावर टेकवायचा. ओरडायचा नाही. "तिथी असे सुटत नव्हते," एवढंच म्हणायचा.

वीस वर्षांची होईतो वच्छलाच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, गोल फिकट डाग झाले होते.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात सिंदेवाहीचे गुणवंतराव आपल्या खुशालसाठी तिला पाहायला आले. सोबत त्यांची बहीण मीराबाई होती. मुलगा कसा, घर कसं, हे वच्छलानं कुणाला विचारलं नव्हतं. तिला फक्त त्या चुलीपुढून उठायचं होतं. तिनं लांब बाह्यांचं पोलकं घातलं.

"खा पाव्हणे, चिनी वस्तू हाये," लटारू म्हणाला.

गुणवंतरावांची नजर बशीवरून त्याच्या हातावर गेली. "बोटं कायनं गेली, भाऊ?"

"बर्फानं."

"आमच्याइथी बर्फ गोळेवाल्यापाशीच भेटते," म्हणून ते हसले. लटारूनं पेटीतला फौजेचा कागद दाखवला, तसे ओशाळले.

वच्छलानं पाण्याचा पेला पुढे केला आणि तिची बाही वर सरकली. मीराबाईनं हात धरला.

"हे डाग कायचे, पोरी?"

"तेल उडलं."

"तेल काय असं गोल गोल मोजून उडते?"

मीराबाईच्या गावात महारोगाचे तपासणीवाले येत. ते कसं तपासतात, हे तिनं पाहिलं होतं. तिनं पदराची पिन काढली. "तोंड तिकडं कर. टोचलं का सांगजो."

वच्छला भिंतीकडे पाहत राहिली. वर्षानुवर्षं भाजलेल्या कातडीला फारसं काही कळत नाही.

"टोचा ना, बाई," ती म्हणाली.

"तीनदा टोचली." मीराबाईनं पिन परत पदराला लावली आणि लटारूकडे वळली. "बापाची बोटं बर्फानं गेली म्हनता. पोरीले कोनता बर्फ लागला?"

मी डागलं तिले. लटारूचे एवढे तीन शब्द पुरले असते. वच्छलानं बापाकडे पाहिलं. लटारूनं बशीतला एक पीळ अंगठ्यानं आणि बोटानं उचलला, सावकाश चावला आणि म्हणाला, "हाये ते हाये."

पाहुण्यांनी लांबूनच जयभीम केला. बशा तशाच राहिल्या.

"आता कोन येते तुले न्यायले?" लटारू म्हणाला. आवाजात राग नव्हता, समाधान होतं. "पीठ उरलं हाये. तेल तापव."

तिनं तेल तापवलं. त्यानं पळी घेतली, तशी तिनं ती ओढून काढली. दोन बोटांची पकड, जोर लागलाच नाही. बारा वर्षांत कधीच लागला नसता. पिठाचा गोळा तिनं त्याच्यापुढे ठेवला.

"बाबा, तुमी वळा."

"बोटं कुठी हायेत मले?"

"पाहून शिकले ना? वळा."

तिच्या हातातल्या पळीकडे पाहत लटारूनं पीळ वळला आणि कढईत सोडला. तो क्षणभर टिकला, मग सुटला.

वच्छलानं पळी तेलात बुडवली.

"बाही वर करा," ती म्हणाली.