जिचा नंबर, तिचं गाणं

डाळ निवडताना खडे कितीबी फेका, चार-दोन पदरात साचतातच. आमच्या गाण्यांचे किस्से तसेच साचलेत. लातूरच्या एका डाळमिलमध्ये आम्ही तिघी निवडायला बसतो. मी, गंगू अन् रुक्मिण. माझा मोबाईल स्टीलच्या तांब्यात उभा ठेवायचा, म्हंजे आवाज घुमतो. जिचा नंबर, तिचं गाणं. नंबर चुकवायचा न्हाई, हा कायदा!

माझं गाणं एकच. माझी लेक सुमी बाळंतपणात गेली. त्याच्या आधी ती येणाऱ्या लेकरासाठी पाळणा शिकत होती. तो स्वतः गाऊन तिनं मला मोबाईलवर धाडला होता. तिचा आवाज तेवढाच उरला.

गंगू किल्लारीची. ती लग्नातल्या बँडचं गाणं मागायची अन् अर्ध्यातच बटण दाबायची.

"पुरं तर ऐक की!"

"मावशी, ह्याच गाण्यावर मला त्या दारुड्याच्या घरी नेलं. तवा बंद करता आलं न्हाई, आता येतंय!"

रुक्मिणचा नवरा ऑटो चालवायचा. रोज घरी आला की दारात एकच प्रेमाचं गाणं लई मोठ्यानं लावायचा. ही आत लाजायची. तो मेला. तेराव्याला एक अनोळखी बाई येऊन धाय मोकलून रडली. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तेच गाणं!

"अन् तू अजून ते ऐकतीस?" गंगू म्हणाली.

"माणूस खोटा निघाला. गाण्यानं काय केलं?"

मुकादम शिवाप्पा एकदा तणतणत आला. "ही मिल हाय का ऑर्केस्ट्रा?" मग हळूच म्हणाला, "महादेवाचं एखादं लावा की. माय म्हणायची." दोन ओळीतच बाहेर पळाला. म्हणे, डोळ्यात भुस्सा गेला. मशीन तर सकाळपासून बंद होतं!

पुढं माझा मोबाईल अडकायला लागला. औसा रोडच्या एका दुकानात दिला. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "आजी, आतला सगळा कचरा पुसून टाकला. एकदम नवाकोरा!"

"अन् माझ्या लेकीचा पाळणा?"

"पाळणेच ना? नेटवर लई हायत!"

दुसऱ्या दिवशी माझा नंबर आला. मी दोघींना सगळं सांगितलं अन् म्हणलं, "माझा नंबर सोडा गं."

"कायदा म्हंजे कायदा," गंगू म्हणाली. तिनं तो मुका मोबाईल उचलून तांब्यात ठेवला.

आम्ही तिघी खाली मान घालून डाळ निवडत राहिलो. पाळण्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ कुणी बोललं न्हाई.

मग रुक्मिणनं पदरानं नाक पुसलं.

"मावशी, अजून एकदा लाव."