कशासाठीच नसलेलं संगीत

संगीत शिकवायचं कशासाठी, या एका प्रश्नावर हेरमिलो मास्तरांनी हयात घालवली. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातला गावचा बँड त्यांनीच उभा केला आणि प्रत्येक पोराला बजावलं, "संगीत कशासाठीच नसतं रे गाढवांनो! ते नुसतं ऐकायचं असतं."

हे गावालाही पटावं म्हणून एका रविवारी त्यांनी चर्चसमोर खुर्च्या मांडल्या आणि काळा सूट चढवून बँडला प्रेतयात्रेची धून वाजवायला लावली. नुसती, संगीत म्हणून.

पण ही धून वाजली की मयताच्या घरी मेणबत्त्या, मका आणि राजमा घेऊन जायचं, लग्नाची वाजली की लग्नघरी कोंबड्या, ही गावची रीत. पहिल्या सुरालाच खुर्च्या रिकाम्या झाल्या. मास्तर काळ्या सुटात, म्हणजे त्यांच्याच घरचं कोणी गेलं, असं धरून सगळे त्यांच्या दारात जाऊन रडू लागले.

मास्तर धापा टाकत आले. "अहो, कोणीही मेलेलं नाही!"

"मग आधी सांगायचं नाही?" तोमासाआजी डोळे पुसत खेकसली. "आमचं रडूनसुद्धा झालं!"

मास्तरीणबाईंनी मात्र मका निमूट कणगीत ओतून घेतला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी लग्नाची धून वाजवा. कोंबड्या संपल्यात."